कोरड्या माळाचा नकाशा कसा वाचावा

कुंभकोणम गावाचा स्थलदर्शक नकाशा मेजावर पसरला, म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतो तो त्यातील निळा रंग. गावाच्या उत्तरेस कावेरी वाहते, दक्षिणेस अरसलार. या दोन प्रवाहांमधून आणि त्यांच्या आजूबाजूंनी निघालेल्या पाटांचे व कालव्यांचे जाळे सर्व कागदभर पसरलेले आहे, आणि बहुतेक प्रत्येक गावी देवळालगत एखादी पुष्करिणी आहेच. उरलेली जागा शेतीच्या पिवळ्या रंगाने आणि गावांच्या तांबड्या ठिपक्यांनी व्यापली आहे. तपकिरी रेषा मात्र शोधावी लागते. गाव समुद्रसपाटीपासून अवघे पंचवीस मीटरांच्या आसपास उंच, आणि भोवतालची भूमी पूर्वेकडे इतकी हळूहळू उतरत जाते की, चालणाऱ्याच्या पायांना तो उतार जाणवतही नाही. तो कळतो केवळ पाटाच्या पाण्याला.

प्रस्तुत पुस्तिकेचे मराठी रूपांतर याच गावी बसून केले. मूळ लेखनातील उदाहरणे अमेरिकेच्या पश्चिम भागातील उंच, रुक्ष, गुरेमेंढ्या पाळणाऱ्या मुलखातील होती. ती जशीच्या तशी ठेवली असती, तर मराठी वाचकाला परक्या नावांशीच झगडत बसावे लागले असते. म्हणून त्यांच्या जागी आम्ही आपला माणदेश घेतला आहे. तंजावर-कुंभकोणमकडील मराठी घरांतून वाढलेल्या मुलांना माणदेश अमेरिकेइतकाच अपरिचित आहे, हे खरे. तथापि ज्याने आयुष्यात डोंगर पाहिला नाही, त्यालाही कागदावरून डोंगर समजावा, हाच तर नकाशा वाचण्याचा हेतू होय.

सपाट मुलखाचा नकाशा काढणेही सोपे नसते, हे येथे सांगून टाकावयास हवे. विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ १८०२ मध्ये आधाररेषा मोजून दक्षिण हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. एका उंच ठिकाणावरून दुसरे उंच ठिकाण दिसले पाहिजे, ही या पद्धतीची पहिली गरज. कावेरीच्या खोऱ्यात टेकडीच नाही. तेव्हा देवळांची गोपुरे हेच त्याचे डोंगर झाले. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढविताना दोर तुटला, यंत्र दगडी बांधकामावर आदळले आणि त्याचे अंशांकित वर्तुळ वाकडे झाले. लॅम्ब्टनने सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा आकारास आणले. नकाशाच्या कोपऱ्यात दिसणारा लहानसा काळा त्रिकोण म्हणजे असे एखादे स्थानक. त्याच्याशेजारी छापलेला उंचीचा आकडा वाचताना, तेथवर कोणीतरी यंत्र वाहून नेले होते, एवढे स्मरले तरी पुरे.

आता कुंभकोणमचा कागद बाजूला ठेवून माणदेशचा कागद काढू. तो कसा सापडावयाचा? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनपद्धतीत सर्व देश चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकोनांत वाटला आहे. कुंभकोणम ५८ क्रमांकाच्या चौकोनात पडते. माणदेशचा बराचसा भाग ४७ मध्ये. प्रत्येक मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग असतात. त्यांना ए पासून पी पर्यंतची इंग्रजी अक्षरे दिलेली असून ती पश्चिमेकडील स्तंभात वरून खाली, मग पुढील स्तंभात पुन्हा वरून खाली, अशी चालतात. त्या प्रत्येक भागाचे, याच क्रमाने, पंधरा-पंधरा मिनिटांचे आणखी सोळा तुकडे. कुंभकोणम उत्तर अक्षांश १० अंश ५८ मिनिटे आणि पूर्व रेखांश ७९ अंश २३ मिनिटे यांच्या आसपास आहे. त्यावरून त्याचा कागद ५८ एन/५ निघतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातील दहिवडी १७ अंश ४२ मिनिटे उत्तर व ७४ अंश ३३ मिनिटे पूर्व येथे असल्याने तिचा कागद ४७ के/१०. वर्गातील मुलांनी हे गणित आपापल्या गावासाठी एकदा करून पाहावे; त्यात एक वेगळीच मौज आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेल्या खुल्या मालिकेच्या कागदांना निराळे क्रमांक आहेत, परंतु ग्रंथालयांतील जुने कागद याच पद्धतीने लावलेले आढळतील.

कागदाचे प्रमाण पन्नास हजारास एक आहे. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर हा भूमीवरचा एक किलोमीटर. एका कागदात उत्तर-दक्षिण सुमारे अठ्ठावीस व पूर्व-पश्चिम सुमारे साडेसव्वीस किलोमीटर मुलूख मावतो. मेट्रिक पद्धती येण्यापूर्वीच्या कागदांवर एका इंचास एक मैल असे प्रमाण असे आणि उंची फुटांत असे. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून वाचताना हे विसरल्यास शंभर फुटांचा उतार शंभर मीटरांचा होऊन बसतो.

४७ के/१० वर निळा रंग थोडा, तपकिरी पुष्कळ, आणि पांढऱ्या जागा मोठमोठ्या. हा पांढरा रंग पाहून नवशिका म्हणतो, "येथे काही नाही." ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक. पांढरा रंग एवढेच सांगतो की, तेथे पीक घेतले जात नाही आणि रानही नाही. माणदेशात अशी जागा म्हणजे माळ. पावसाळ्यात त्यावर कुसळी गवत उगवते, मेंढरे चरतात, आणि त्या चराईवर हजारो कुटुंबे जगत आली आहेत. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या तालुक्यांचा हा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडला आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीच्या वाट्यास पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येतो. तोही सर्व वर्षी येतोच असे नाही. तेव्हा येथे नकाशा वाचणाऱ्याने विचारावयाचा मुख्य प्रश्न एकच: पाणी कोठे आहे, आणि तेथवर जाण्यास किती चढावे-उतरावे लागेल?

उतारापासून आरंभ करू. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली स्थळे जोडणारी तपकिरी रेषा ती समोच्च रेषा. या कागदांवर लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटरांचा फरक असतो, आणि दर पाचवी रेषा जाड असून तिच्यावर आकडा असतो. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, दूरदूर गेल्या की भूमी सपाट. रेषांना जेथे टोक येते तेथे ते टोक चढाच्या दिशेला वळले असेल तर ती घळ किंवा ओढा. उताराच्या दिशेला वळले असेल तर ती डोंगराची सोंड. दोन उंचवट्यांच्या मधोमध रेषा दोन्हींकडून मागे सरकून वाट देतात, ती खिंड. एवढे पाठ झाले की निम्मे काम झाले.

महाबळेश्वराच्या बाजूने पूर्वेकडे शंभू महादेवाची डोंगररांग येते, ती शिखर शिंगणापूरकडे जाते. या रांगेवर वारुगड नावाचा किल्ला आहे. माणच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, गडाकडे गेल्यास पठारावरून चालत जाऊन आपण थोड्याशा चढाने तेथे पोहोचतो. फलटणच्या बाजूने मात्र उभा कडा चढावा लागतो. हे कागदावर स्पष्ट दिसते. उत्तरेच्या अंगास रेषा एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, दक्षिणेस त्या ऐसपैस पसरल्या आहेत. रांगेचा माथा बोटाने धरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलो, तर आपण जलविभाजकावरून चाललेले असतो: उत्तरेस पडलेला थेंब नीरेला मिळणार, दक्षिणेस पडलेला माणगंगेला. या दोन्ही नद्या अखेर भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कावेरीही तेथेच जाते, म्हणून कुंभकोणमच्या वाचकाला माण नदी अगदीच परकी मानण्याचे कारण नाही.

दख्खनच्या पठारावरील समोच्च रेषांचा एक विशेष येथे नीट पाहावा. त्या सारख्या अंतराने येत नाहीत. पाचसहा रेषांची जुडी, मग मोकळी जागा, पुन्हा जुडी, पुन्हा मोकळी जागा, असा जिन्यासारखा त्यांचा क्रम असतो. हे पठार लाव्ह्याचे थरावर थर साचून झाले आहे. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. घट्ट थरांचे कडे होतात, सच्छिद्र थर झिजून पायऱ्या होतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतील जिन्यावरूनच आला आहे. पाणी शोधणाऱ्याला या जिन्याचा मोठा उपयोग होतो. पावसाचे पाणी मुरमातून आणि सच्छिद्र थरातून खाली झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते, आणि त्या थराच्या पाठीवरून आडवे सरकत पायरीच्या कडेला पाझरते. म्हणून झऱ्याची किंवा विहिरीची निळी खूण शोधताना रेषांच्या जुडीच्या पायथ्याशी आणि तेथून निघणाऱ्या घळीच्या तोंडाशी प्रथम पाहावे. ती नेहमी तेथेच असेल असे नाही. परंतु जेथे आहे तेथे ती का आहे, हे बहुधा या जिन्यावरून उलगडते.

ओढ्यांकडे वळू. नदी-नाल्याची रेषा निळी असेल तर त्यात पाणी असते; काळी असेल तर ते पात्र कोरडे, पावसापुरते वाहणारे. माणदेशच्या कागदावर काळ्या रेषांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले दिसते. दुरून पाहणाऱ्याला ही भूमी ओढ्यांनी समृद्ध वाटेल! प्रत्यक्षात चैत्र-वैशाखात त्या पात्रांत वाळू आणि गोटे यांखेरीज काही नसते. पात्राच्या काठी आकड्यापुढे इंग्रजी आर हे अक्षर असेल, तर तो आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा नव्हे, तर काठ पात्राहून किती मीटर उंच आहे हे सांगणारा होय. अशा उभ्या दरडीवरून माणूस कसाबसा उतरेल. मेंढरू उतरणार नाही.

तलावांच्या बाबतीतही हाच भेद आहे. निळ्या रंगाने भरलेला तलाव बारमाही. नुसती बाह्यरेखा असलेला, कोरडा पडणारा. विहिरीचे चिन्ह लहान वर्तुळाचे असते, आणि बांधीव व बिनबांधीव विहिरींची चिन्हे वेगळी असतात. चिन्हसूची पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ लावू नये. ही सूचना उगाच दिलेली नाही. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर कोरड्या पडणाऱ्या ओढ्याची रेषा काळी नसते, तुटक निळी असते. आपल्या कागदांची सवय झालेला माणूस नेव्हाडाच्या माळावर ती तुटक निळी रेषा पाहून पाण्याच्या आशेने चालू लागला, तर त्याची गत बिकट होईल. तेथील पुष्कळसे ओढे समुद्राला मिळतच नाहीत. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट मैदान, आणि त्यात वर्षातून काही दिवस उथळ पाणी साठून मागे मीठ राहणारे कोरडे सरोवर. अशा खळग्याची समोच्च रेषा स्वतःशीच मिळते आणि तिला आतल्या बाजूस लहान लहान दाते काढलेले असतात. दाते न पाहिल्यास खळगा टेकडी म्हणून वाचला जाईल. एका वस्तीपासून दुसरी वस्ती वीसवीस किलोमीटर दूर असणाऱ्या त्या मुलखात गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचे लहानसे चिन्ह हेच नकाशातील सर्वांत मोलाचे अक्षर असते.

आता माणसांकडे येऊ. आपल्या कागदांवर कायम झोपड्या आणि तात्पुरत्या झोपड्या यांना निरनिराळी चिन्हे आहेत, तसेच वसलेले गाव व ओस पडलेले गाव यांनाही. फलटण-माणकडील मेंढपाळ धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात, सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात, आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी येतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, बरोबर बायकामुले, आणि वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढ्या बसवून त्या लेंडीखताच्या मोबदल्यात मिळणारे धान्य वा पैसे, असे हे चालते घर. त्याला ते वाडा म्हणतात. हा वाडा कोणत्याही कागदावर छापलेला नसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या १९५५ च्या कादंबरीत दुष्काळाने धनगरांची एक वाडी ओस पडते. सर्वेक्षक त्या वर्षी तेथे गेला असता तर त्याने ओसाड गावाचे चिन्ह काढले असते. दोन वर्षे आधी गेला असता तर वसलेल्या वाडीचे. दोन्ही नकाशे अचूकच ठरले असते.

म्हणून कागदाच्या समासात छापलेले सर्वेक्षणाचे वर्ष आधी वाचावे. आमच्या मते कोरड्या मुलखाच्या नकाशावरील सर्वांत महत्त्वाचा आकडा उंचीचा नव्हे, हा होय. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पुष्कळ पाझर तलाव बांधले गेले. त्यापूर्वीच्या कागदावर ते सापडणार नाहीत. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे नेणारे कालवे त्याहूनही अलीकडचे. उलट, जुन्या कागदावर निळ्या दिसणाऱ्या कितीतरी विहिरी, भोवताली खोल विंधनविहिरी झाल्यावर, आज उन्हाळ्यापूर्वीच तळ दाखवितात. म्हसवडच्या खालच्या अंगास राजेवाडीपाशी माण नदीवर ब्रिटिश अमदानीत बांधलेला मोठा तलाव आहे. तो नकाशात निळाच दिसेल, पण अवर्षण ओळीने पडले की त्याचाही तळ उघडा पडतो. नकाशा पाण्याची जागा दाखवितो, पाण्याची हमी देत नाही.

एक उदाहरण सोडवू. वाडी आणि तलाव ही स्थळे आम्ही गणितासाठी कल्पिली आहेत. परंतु भूमीची ठेवण माणदेशचीच आहे. समजा, चैत्र महिना आहे. एका वाडीत दोनशे मेंढ्यांचा कळप आहे आणि वाडीची विहीर आटली आहे. उन्हात मोठी मेंढी दिवसाला चारपाच लिटर पाणी पिते. म्हणजे रोज जवळजवळ हजार लिटर पाणी हवे. नकाशात जवळचा निळा तलाव वाडीपासून सरळ रेषेत १४ सेंटिमीटरांवर आहे, अर्थात् सात किलोमीटर. ही सरळ रेषा एका सोंडेवरून जाते: नऊ समोच्च रेषा चढते, अकरा उतरते. म्हणजे १८० मीटर चढ आणि २२० मीटर उतार. दुसरी वाट ओढ्याच्या काठाकाठाने सोंडेला वळसा घालून जाते. ओढ्याच्या वळणांवर दोरा ठेवून तो मोजला, तर तो २० सेंटिमीटर भरतो, म्हणजे दहा किलोमीटर. आणि सबंध वाटेत उतार अवघा ४० मीटर. दोन्ही वाटांच्या टोकांमधील उंचीचा फरक सारखाच आला, त्यावरून आपली मोजणी चुकली नाही एवढे कळते.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरांस एक तास अधिक. त्याप्रमाणे सोंडेवरून जाणाऱ्या धडधाकट माणसाला एक तास बेचाळीस मिनिटे लागतील, ओढ्याकाठाने दोन तास. तेव्हा सोंडेची वाट बरी? एकट्या माणसासाठी होय. परंतु चरत जाणारा कळप ताशी दोन किलोमीटरांच्या आसपासच सरकतो. सोंडेच्या पलीकडील अकरा रेषांपैकी सहा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. तेथे कडा आहे, तो आडवा जाऊन टाळावा लागेल. सोंडेवर झाडाचे एकही चिन्ह नाही, विहीर नाही. ओढ्याच्या वाटेवर मात्र चौथ्या आणि सातव्या किलोमीटरावर काठालगत दोन विहिरी आहेत, आणि दुसरी नेमकी रेषांच्या जुडीच्या पायथ्याशी आहे. पात्र काळे असले तरी त्याच्या वाळूखालून पाझर चालू असण्याचा संभव असतो. वेळ पाच तास लागला तरी वाट हीच.

कळप पहाटे निघाला तर उन्हे तापण्याच्या सुमारास सातव्या किलोमीटरावर येतो. दुसरी विहीर येथे आहे. तिला पाणी असेल तर पंधरा लिटरांच्या बादलीने सत्तरेक खेपा उपसून कळप पाजता येईल, आणि तलावाची घाई उरणार नाही. बादली कोरडी वर आली तर मात्र हिशेब बदलतो: पुढे तीन किलोमीटर, मागे सात, आणि तलावाचे निळे चिन्ह कोणत्या वर्षीचे, ते समासातच लिहिलेले आहे. अशा वेळी जाणता मेंढपाळ सर्व कळप घेऊन पुढे धावत नाही. तो मेंढरे विहिरीच्या कडेच्या सावलीत बसवितो, आणि एका पोराला त्या तीन किलोमीटरांवर पाणी बघण्यास पुढे धाडतो.